पंचवीस रुपयांच्या तिकिटाची पाठ

सुध्या, गुरुवारी तुझ्या खुर्चीत बसलो. वहिनींना विचारून बसलो. बसल्यावर कळलं की तिचा डावा हात ढिला आहे. इतकी वर्षं समोरच्या स्टुलावर बसून मला वाटायचं, मी काही बोललो की तू मुद्दाम कुरकुरतोस. कुरकुरत होती ती खुर्ची. तुझ्यावर उगाच राग धरला होता, म्हणून म्हटलं, इथूनच सुरुवात करावी.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. पेपरात चार ओळी आल्या, सोसायटीच्या फळ्यावर खडूने नाव लिहिलं गेलं, आपली रविवारची मंडळी दोन मिनिटं उभी राहिली आणि तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी चहाचं विचारलं. तुला आवडलं असतं. ते सगळं रीतसर झालंय, त्यामुळे तुझं शिक्षण काय आणि नोकरी कुठे, हे मी इथे लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी त्या पंचवीस रुपयांच्या तिकिटाबद्दल बोलायचंय. तू असताना हा विषय काढायची सोय नव्हती.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात आपण दोघं बसायचो आणि लोक जुनी पोस्टाची तिकिटं घेऊन यायचे. कुणाच्या वडिलांचा अल्बम, कुणाच्या मामांनी बिस्किटाच्या डब्यात साठवलेला ढीग. तिकिटाची स्थिती कशी आहे आणि बाजारात त्याचं काय येईल, एवढं सांगायचं. फी घ्यायची नाही. तू निकाल द्यायचास आणि मी त्या माणसाला जिन्यापर्यंत सोडायला जायचो. सोडायला जाणं का भाग पडायचं, हे ज्यांनी तुला ऐकलंय त्यांना माहीत आहे.

कोथरूडहून एक बाई आल्या होत्या, आठवतंय? हातात एकच तिकीट, तेही चौघडी केलेल्या रुमालात. म्हणाल्या, "यूट्यूबवर सांगितलंय, याचे चाळीस लाख येतात." तू भिंग न उचलता म्हणालास, "मग यूट्यूबलाच विका." त्या बाई जिन्यात माझ्यावर इतक्या चिडल्या की मला वाटलं, आता चप्पल काढतात. परत आलो तर तू शांतपणे पुढचा अल्बम उघडून बसला होतास आणि मला म्हणालास, "गेल्या का? त्यांचा रुमाल राहिलाय."

पाठ बघायला तूच मला शिकवलंस. तुझ्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझी समजूत अशी, की तिकीट म्हणजे त्यावरचं चित्र. रंग उडालेला नसावा, दाते सगळे शाबूत असावेत, शिक्का फार काळा नसावा, की झालं. मी मोठ्या हौसेने माझं सगळ्यात देखणं तिकीट तुझ्यापुढे ठेवलं. तू ते चिमट्याने उचललंस आणि सरळ पालथं घातलंस. "चेहरा बघायला सगळेच येतात," म्हणालास, "आधी पाठ बघ." मग एकेक दाखवलंस. अल्बमात चिकटवायला लावलेली जुनी कागदी पट्टी ओढून काढताना इथे कागद सोलला गेलाय. हे दमट हवेचे तांबूस ठिपके. हे टाचणीचं भोक, कुणीतरी चलाखीने बुजवलेलं. माझ्या देखण्या तिकिटाचं तू पाच मिनिटांत पोस्टमॉर्टेम केलंस.

कोऱ्या, न वापरलेल्या तिकिटाच्या पाठीवरचा मूळ डिंक गेला की त्याचं बहुतेक मोल गेलं, हेही तू त्याच दिवशी सांगितलंस. मला हसू आलं होतं. डिंक तर चाटायलाच असतो. तू म्हणालास, "म्हणूनच. एवढी वर्षं कुणाला चाटावंसं वाटलं नाही, त्याचे पैसे आहेत."

आणि तुझ्याच संग्रहातलं सगळ्यात भारी तिकीट होतं ब्रिटिश राजाच्या चेहऱ्याचं, निळं आणि नारिंगी, पंचवीस रुपयांचं, कोरं. लग्नाआधी एका दिवाळीचा सगळा बोनस घालून तू ते घेतलं होतंस, असं तूच एकदा बोलून गेलास. आपली ओळख त्यानंतर दोनेक वर्षांनी झाली. पाठीमागून काळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ते बसवलेलं होतं, एका अख्ख्या पानावर एकटंच. तू ते पान उघडून दाखवायचास, मी बघायचो, आणि हात पुढे केला की तू पान उलटायचास.

"पाठ बघू दे की रे," मी म्हणायचो.

"बघितलीय मी. पुरे."

सुध्या, मला याचा फार राग यायचा. जगातल्या कुठल्याही माणसाचं तिकीट तू पालथं घालायचास. मुलाच्या सासऱ्यांनी कौतुकाने आणलेलं पाकीटसुद्धा सोडलं नाहीस, लग्नाच्या बैठकीत. फक्त स्वतःच्या तिकिटाच्या वेळी तुझं बोलणं संपायचं. आधी मी समजूत करून घेतली, की माझ्या हातावर तुझा विश्वास नाही. एकदा मला शिंक आली होती आणि तुझ्या एका बऱ्यापैकी तिकिटाचा कोपरा चिमट्यात दुमडला होता. त्याबद्दल तू एक शब्द बोलला नव्हतास, फक्त त्यानंतर मला सर्दी झाली की घरी यायला मनाई केलीस. पण पुढे पुढे मला वेगळीच शंका यायला लागली. वाटायचं, हा फसलाय. तरुणपणी कुणीतरी याला खराब माल गळ्यात मारला आणि आता हा शहाणा तोंड लपवतोय. ही शंका मनात आली की मला बरं वाटायचं, हेही कबूल करून टाकतो.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते या सगळ्याच्या मुळाशी आहे. बिबवेवाडीहून एक गृहस्थ वडिलांचा अल्बम घेऊन आले होते. जाडजूड, लाल कापडाचा. वडिलांनी आयुष्यभर जमवलेली तिकिटं भाताच्या खळीने चिकटवली होती, एकही सुटण्यासारखं नव्हतं. तू तीन पानं बघितलीस आणि म्हणालास, "तुमच्या वडिलांनी फार मनापासून चिकटवलीत. किंमत काही नाही. घरात ठेवा." अल्बम पिशवीत घालताना त्या गृहस्थांना पिशवीचं तोंड सापडेना. मी जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, अहो, त्याचं बोलणं मनावर घेऊ नका, मधली काही चांगली वाटली मला, मुंबईला दाखवा. मला त्यातलं एकही चांगलं वाटलं नव्हतं.

तू दारात उभा होतास. चहाच्या टपरीवर मला म्हणालास, "हे तू त्याच्यासाठी बोललास की स्वतःसाठी?" मी म्हणालो, माणसाचं तोंड बघवलं नाही मला. तू म्हणालास, "तेच म्हणतोय. तुला बघवलं नाही." मी चहा तसाच ठेवून निघून आलो.

पुढच्या वर्षी ते गृहस्थ परत आले. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. रजा काढून मुंबईला गेले होते, तीन दुकानं फिरले होते. तिसऱ्या दुकानात त्यांच्या वडिलांना हसले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "त्या सरांनी सांगितलं होतं ना, मग तुम्ही कशाला सांगितलंत?" तू बाजूच्या बाकावर बसून सगळं ऐकत होतास, आणि त्यानंतर शेवटपर्यंत कधी मला त्यावरून टोचलं नाहीस. टोचलं असतंस तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुझं बरोबर होतं, हे मी तुला म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

म्हणजे तू कोरडा होतास असं नव्हे. माझी बायको, मंगल, गेली तेव्हा सगळे येऊन बोलून गेले. तू महिनाभर रोज संध्याकाळी यायचास आणि काहीही बोलायचा नाहीस. स्वयंपाकघरातून परात घेऊन यायचास, तिच्यात पाणी घालायचास, आणि माझी वर्षानुवर्षं पडून राहिलेली पाकिटांवरची तिकिटं भिजवत बसायचास. भिजली की कागद सुटतो, मग तू ती एकेक उचलून वर्तमानपत्रावर वाळत घालायचास. मी नुसता बघायचो. एवढंच. पण त्या महिन्यात मला संध्याकाळ होण्याची भीती वाटली नाही ती तुझ्यामुळे. आभार मानायचे राहिले होते, ते मानतो.

तुझी माझी शेवटची भेट झाली तेव्हा तुला बोलताना धाप लागत होती. रविवारी कोण आलं होतं ते विचारलंस, मी सांगितलं. मग तू म्हणालास, "विन्या, ते पंचवीसचं..." आणि तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आत आल्या. तू गप्प झालास. मला वाटलं, दम लागला. मी उशी नीट केली आणि म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी बोलू. घाई कसली होती मला उठायची, अजून समजत नाही.

गुरुवारी वहिनींचा फोन आला. "भावजी, जरा येऊन जाता का? ह्यांचे अल्बम बघायचेत." निखिल त्यांना हिंजवडीला घेऊन जाणार आहे, त्याच्या टॉवरमध्ये. तिथे तुझ्या बावीस अल्बमांना कपाट नाही. वहिनींच्या आधी त्याचाही फोन येऊन गेला होता. "काका, जस्ट एक बॉलपार्क आकडा सांगा ना. म्हणजे आईला समजावता येईल." तुझा मुलगा वाईट नाही, सुध्या. दोन तास बसमध्ये घालवून आल्यावर कुणालाही बॉलपार्कच हवा असतो.

मी तुझ्या खुर्चीत बसलो, दिवा ओढून घेतला, आणि पहिलं काम कुठलं केलं असेल ते तुला सांगायला नकोच. नववा अल्बम, मधलं पान. चिमटा कप्प्यात सारला, ते निळं-नारिंगी तिकीट बाहेर काढलं आणि पालथं घातलं.

पाठ कोरी करकरीत. डिंकाचा मागमूस नाही. नुसता पांढरा कागद.

मला काय वाटलं असेल? वाईट वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात आलं, सापडलास. आयुष्यभर लोकांना तोंडावर सांगत आलास आणि स्वतःचा खोटा माल झाकून ठेवलास. तुझ्या फोटोला सकाळी घातलेला हार अजून वाळायचा होता आणि मी तुझ्या खुर्चीत बसून जिंकत होतो.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि वाकून बघून म्हणाल्या, "हे होय? हे मी धुतलंय."

मी म्हटलं, "काय?"

"लग्नाला तीन महिने झाले होते. हे दर रविवारी परातीत पाणी घेऊन तिकिटं भिजवायचे, कागदावर वाळवायचे. मी बघायची ना. एकदा हे कामावर गेलेले आणि मी कपाट आवरत होते. हवा दमट होती. बघते तर इतकं सुंदर तिकीट आणि पाठीला पिवळट चिकट काहीतरी माखलेलं. पानाला चिकटायला लागलं होतं. म्हटलं, हे एवढं ह्यांच्या नजरेतून सुटलं वाटतं. कोमट पाण्यात ठेवलं, बोटाने हलके चोळलं, सगळं निघालं बघा. अजून कसं स्वच्छ आहे."

"मग?"

"मग काय, संध्याकाळी आल्यावर दाखवलं. म्हटलं, शाबासकी मिळेल."

"मिळाली?"

"मिळाली तर. आधी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, एवढं स्वच्छ मला नसतं जमलं. पण यापुढे तू हात नको लावूस, तुझ्या बोटांना पाण्याने चिरा पडतात. तेव्हापासून तिकिटं धुवायचं काम ह्यांचं." त्यांनी कप पुढे सरकवला. "भांडी मात्र मीच घासत राहिले."

मी हसलो, कारण त्या हसण्याची वाट बघत होत्या. चहा कसा प्यायलो ते माहीत नाही.

ज्या घरात तिकिटं भिजत नाहीत त्या घरातली बाई ते तिकीट फडताळात ठेवून विसरून गेली असती. तुझ्या घरातल्या नव्या नवरीने तुझंच बघून बघून, तुझ्यासाठी म्हणून, नेमकी ज्याची किंमत होती तीच गोष्ट बोटाने चोळून काढली. आणि तू, सुध्या, मुलाच्या सासऱ्यांचं तिकीट पालथं घालणारा तू, पाठ बघून म्हणालास की एवढं स्वच्छ मला नसतं जमलं. मग ते तिकीट काळ्या पाठीच्या कप्प्यात बसवलंस आणि कुणाला पालथं घालू दिलं नाहीस. मला तर मुळीच नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पाठ बघितली असती, आणि वहिनींनी कांदेपोहे आणून ठेवले असते, आणि मी म्हणालो असतो, अरे, याचा डिंक कुणी काढला?

इतकी वर्षं मी तुझ्यावर जे रुसून होतो, ते मागे घेतो. आणि त्या खुर्चीत बसून मी जो जिंकलो, त्याची मला लाज वाटते.

पण वहिनींचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. कप उचलता उचलता म्हणाल्या, "रविवारी कदम येणार आहे, तो तिकिटवाला. निखिलही असेल. बाकीची तिकिटं कवडीमोलाने गेली तरी माझं काही म्हणणं नाही. पण ह्या एकाची किंमत त्याने निखिलसमोर सांगायला हवी. निखिलला कायम वाटत आलंय, बाबांनी आयुष्य कपट्यांत घालवलं. एकदा त्याच्या कानावर पडू दे."

कदम म्हणजे तुझाच चेला. तिकिटांचा धंदा करतो, पण शिकला तुझ्याकडे, आपल्याच वर्गात, मागच्या बाकावर बसून. तो रविवारी येणार, चिमट्याने ते तिकीट उचलणार, पालथं घालणार, आणि निखिलसमोर बोलणार. वहिनींना कळणार, तुझ्या मुलासमोर, परक्या माणसाच्या तोंडून, की त्यांनी नवऱ्याची सगळ्यात मोलाची वस्तू स्वतःच्या हाताने धुवून टाकली. आणि निखिलला ऐकू येणार, की बाबांचं भारी तिकीटही फुसकंच होतं.

घरी गेल्या गेल्या मी काय केलं असेल? कदमला फोन केला. म्हटलं, बाबा रे, त्या एका तिकिटाची पाठ बघू नकोस, चेहरा बघून एक बरा आकडा सांग, मी मागाहून समजावतो. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, दुसरं काहीही सांगा. पाठ न बघता मी आकडा बोललो तर सर वरून खाली उतरतील."

फोन ठेवला आणि तो बिबवेवाडीचा गृहस्थ आठवला, पिशवीचं तोंड शोधणारा. रात्रभर विचार करून मी ज्या निष्कर्षाला आलो तो तू चहाच्या टपरीवर दोन वाक्यांत सांगितला होतास. मला वहिनींचं तोंड बघवणार नव्हतं, म्हणून मी कदमला गळ घालत होतो. त्यात वहिनींचं काही भलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळीच गेलो. वहिनी मटार सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर जमलं नसतं. ते पिवळट चिकट होतं तो डिंक होता. शंभर वर्षांचा. किंमत त्याची होती. कदम पाठ बघणारच.

त्यांचा हात सोलायचा थांबला नाही. सोलता सोलताच म्हणाल्या, "ह्यांना कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. बघितल्याबरोबर."

"तुम्हाला बोलले होते?"

"नाही. मला पाठ कधी बघूच दिली नाही. शेवटच्या भेटीत सांगणार होता बहुतेक. तुम्ही आत आलात आणि गप्प बसला."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले आणि टरफलही ताटलीतच टाकलं. "बराच वेळ बघत राहिले होते," म्हणाल्या. "मला वाटलं, कौतुकाने." मग म्हणाल्या, "त्या दिवशी जेवायला काय केलं होतं मी, काही केल्या आठवत नाहीये. नीट जेवले होते का, तेही नाही." आणि मग त्या रडल्या, सुध्या. बारा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई मटाराच्या ताटलीवर वाकून रडली. मीही रडलो. मला थांबवायला कुणी नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच.

मग मला ते दिसलं, जे मी तुला सांगायला हवं म्हणून हे सगळं लिहितोय. तू त्रेचाळीस वर्षं खोटं सांभाळलंस, ते बरोबर होतं. आणि मी ते एका दिवसात मोडलं, तेही बरोबर होतं. तू असेपर्यंत ते झाकलेलं राहायला हवं होतं. तू गेल्यावर ते झाकलेलंच राहिलं असतं, तर तू त्यांच्यासाठी काय केलंस हे त्यांना कधीच कळलं नसतं. आपल्या भांडणात मी हरलो हे मान्य. पण तूही पुरता जिंकला नाहीस. तू खुर्चीत असतास तर एवढ्यात कुरकुर ऐकू आली असती.

मी वहिनींना विचारलं, ते तिकीट रविवारपुरतं बाजूला काढून ठेवू का. त्यांनी पदराने डोळे पुसले. "कशाला? आहे तिथे राहू दे."

काल रविवार होता. कदम आला, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि कामाला लागला. निखिल सोफ्यावर, हातात मोबाईल. अकरा वाजेपर्यंत आठ अल्बम झाले. कदम आकडे बोलत होता, निखिल मान हलवत होता. मग नववा अल्बम आला, मधलं पान उघडलं. कदमने कप्प्यातून ते तिकीट काढलं, पालथं घातलं, आणि थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"काकू," तो म्हणाला, "ह्याचा डिंक गेलाय. कुणीतरी धुतलंय हे."

"मी धुतलंय," वहिनी म्हणाल्या. "किती येतील आता?"

कदमने खालच्या आवाजात एक आकडा सांगितला.

"आणि धुतलं नसतं तर?"

"काकू, जाऊ दे ना."

"सांग की. मी विचारतेय."

"मग ह्या सगळ्या अल्बमांपेक्षा हे एकटं जास्त होतं."

वहिनी निखिलकडे वळल्या. "ऐकलंस? एवढं नुकसान केलं मी. लग्नाला तीन महिने झाले होते. तुझ्या बाबांना त्याच दिवशी कळलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत मला कळू दिलं नाही. मला परवा तुझ्या काकांनी सांगितलं."

निखिलने मोबाईल सोफ्यावर ठेवला. "बाबांनी?"

"हो."

"मला दहावीला ऐंशी टक्के पडले तेव्हा म्हणाले होते, वीस कुठे सांडले. आणि तुला काहीच बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्हणाले, एवढं स्वच्छ मला नसतं जमलं."

मग निखिल उठला, टेबलापाशी आला आणि कदमपुढे हात केला. कदमने त्याला चिमटा दिला. त्याला धरता येत नव्हता, कदमने दोन बोटं नीट करून दिली. निखिलने ते तिकीट उचललं, दिव्याखाली धरलं आणि त्याची ती कोरी पाठ बघत उभा राहिला. बराच वेळ.

वहिनी माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, अगदी अस्सेच बघत होते."